गोव्याहून आणलेली एक बाटली: मर्यादा लिहून द्यावी की बंदीच ठेवावी?

कर्वेनगरवासी

दिवाळीनंतर आम्ही उभयता गोव्याहून खासगी बसने पुण्याला परतत होतो. रात्री साडेअकराच्या सुमारास सीमेवरच्या एका तपासणी नाक्यावर बस थांबवून सर्वांना सामानासह खाली उतरवण्यात आले. टॉर्चच्या उजेडात एकेक पिशवी उघडली जात होती आणि काजूची पाकिटे, बेबिंकाचे डबे, ओले टॉवेल असा सगळा संसार रस्त्याच्या कडेला मांडला गेला होता. आमच्या पुढच्या आसनावरील साठीच्या एका गृहस्थांच्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली फेणीची बाटली निघाली. भावासाठी एकच घेतली आहे, दुकानाचे बिलही आहे, असे ते पुन्हा पुन्हा सांगत होते. बाटली काढून घेतली गेली, परंतु पंचनामा झाला नाही आणि जप्तीचा कागदही मिळाला नाही. बिल मात्र त्यांच्या हातातच राहिले आणि ते घेऊन ते स्वारगेट येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले होते.

आता लोहगाव विमानतळाकडे पाहा. दुबईहून किंवा बँकॉकहून उतरणाऱ्या प्रवाशाला 2 लिटर मद्य आणि 100 सिगारेटी, किंवा 25 सिगार, किंवा 125 ग्रॅम तंबाखू शुल्काविना आणता येते. त्याहून अधिक असेल तर रेड चॅनलने जायचे, माल जाहीर करायचा, शुल्क भरायचे आणि पावती घेऊन घरी जायचे. न सांगता ग्रीन चॅनलने निघालेला सापडला, तर 1962 च्या सीमाशुल्क कायद्यानुसार जप्ती आणि दंड. नियम कडक आहे, पण तो आधीच ठाऊक असतो. याउलट स्वतःच्याच देशातल्या शेजारच्या राज्यातून येणाऱ्या माणसाला परवान्याशिवाय एक बाटलीही आणता येत नाही. प्रत्यक्षात कोणाची बाटली जाते, कोणाची राहते, हे त्या रात्री कर्तव्यावर असलेल्या माणसाच्या मनावर ठरते. राज्य शासनाने प्रौढ प्रवाशासाठी एक लिटरची मर्यादा लेखी जाहीर करावी आणि महाराष्ट्राचे शुल्क जागेवर भरून घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

जुना खाकीवाला

महोदय, मी राज्य उत्पादन शुल्क विभागातून दुय्यम निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. पंचनाम्याविना बाटली काढून घेतली गेली असेल तर ते चूकच आहे आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. मात्र त्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

विमानतळावरील मर्यादा केंद्राच्या सीमाशुल्काची आहे. पिण्याचे मद्य हा मात्र राज्यघटनेने राज्यांकडे सोपवलेला विषय आहे, म्हणूनच ते आजही जीएसटीच्या बाहेर आहे. गोव्याच्या बाटलीवर ‘फक्त गोवा राज्यात विक्रीसाठी’ असे छापलेले असते, कारण तिच्यावरचा कर गोव्याच्या तिजोरीत गेलेला असतो. जून 2025 मध्ये आपल्या राज्याने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपटीवर नेले (प्रति लिटर 260 रुपये निर्मितीमूल्यापर्यंतच्या मालासाठी) आणि 180 मिलिलिटरची किमान किंमत 205 रुपये झाली. दोन राज्यांच्या दरांतली दरी जितकी रुंद, तितका चोरटा माल वाढतो, हे मी नोकरीत डोळ्यांनी पाहिले आहे.

तुमची एक लिटरची सवलत उद्या लागू झाली, तर चाळीस आसनांच्या बसमधून चाळीस लिटर कायदेशीरपणे येतील. माल एकाचाच असेल, फक्त बाटल्या चाळीस जणांच्या मांडीवर असतील. पुढे तेच स्वस्त मद्य महागड्या ब्रँडच्या रिकाम्या बाटल्यांत भरून, नवे बूच बसवून, हडपसर-वाघोलीकडच्या ढाब्यांवर विकले जाते. मुंबईच्या मालवणीत 2015 साली विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, ते आपण विसरू नये.

हडपसरची शिक्षिका

कर्वेनगरवासी दादा, त्या गृहस्थांबद्दल मला मनापासून वाईट वाटले. तरीही मर्यादा वाढवत नेण्याला माझा विरोध आहे आणि तंबाखूच्या बाबतीत तर विमानतळावरची 100 सिगारेटींची सवलतही मला खटकते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. गेल्या वर्षी अकरावीच्या एका मुलाच्या दप्तरात मला परदेशी सिगारेटचे पाकीट सापडले. आपल्याकडे 2016 पासून पाकिटाच्या 85 टक्के भागावर चित्रासह इशारा छापणे बंधनकारक आहे. त्या पाकिटावर सोनेरी नक्षी होती आणि तसा इशारा कुठेही नव्हता. मामाने परदेशातून आणले, असे मुलगा सहज म्हणाला. त्याच वर्गात पुढे एक ई-सिगारेटही निघाली. दिसायला ती हायलाइटर पेनासारखी होती आणि तिला आंब्याचा वास येत होता. 2019 च्या कायद्याने ई-सिगारेट आयात करायलाच बंदी आहे, पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, तरी ती कोणाच्या तरी बॅगेतून आलीच. मोठ्यांच्या ‘एवढ्याशा’ भेटवस्तू शेवटी मुलांच्या हाती पोहोचतात, म्हणून बॅगा अधिक काटेकोरपणे तपासाव्यात, असेच मी म्हणेन. आमच्या राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे आणि टपऱ्यांवर काय मिळते ते सर्वांना ठाऊक आहे. सीमेवर ढिलाई झाली की बंदी कागदावरच उरते.

घाटवाटा

मी दोन टेंपो ट्रॅव्हलर चालवतो, पुणे-गोवा हा माझा नेहमीचा मार्ग. या चर्चेत गाडीवाल्याचा विचार कोणी केला नाही, म्हणून लिहितो. दारूबंदी कायद्याच्या कलम 98 खाली मालाबरोबर वाहनही जप्त होऊ शकते. प्रवाशाने कपड्यांच्या घडीत काय ठेवले आहे ते मला कळण्याचा मार्ग नाही. आंबोलीमार्गे आलो तर एक सीमा लागते आणि चोर्ला घाटातून बेळगाव-निपाणी असे आलो तर मध्ये कर्नाटक लागते, म्हणजे एकाच रात्रीत तीन राज्यांचे मद्याचे नियम. मी निघताना प्रत्येकाला विचारतो, सगळे ‘काही नाही’ म्हणतात. मर्यादा शून्य असल्यामुळेच माणसे खोटे बोलतात. एक लिटर चालते, असे लिहिलेले असते तर निम्म्या लोकांनी तरी बाटली वरच ठेवली असती आणि माझी गाडी रात्री दोन-दोन तास उभी राहिली नसती. कर्वेनगरवासी साहेबांना माझा पूर्ण पाठिंबा आहे.

कर्वेनगरवासी

खाकीवाले साहेब, आपण पंचनाम्याबद्दल स्पष्ट बोललात, याबद्दल आभार. परंतु मालवणीचा दाखला येथे लागू होत नाही. तेथे माणसे दगावली ती मिथेनॉल मिसळलेल्या हातभट्टीच्या दारूने. परवानाधारक दुकानातून बिलासह घेतलेल्या बाटलीशी तिचा संबंध नाही. ढाब्यांवर बनावट मद्य पुरवणारे लोक ट्रक आणि पिकअप भरून माल आणतात. एकट्यादुकट्या प्रवाशाच्या पिशव्या उपसण्यात जे मनुष्यबळ खर्च होते, ते त्या ट्रकांच्या चोरकप्प्यांकडे वळवले तर आपल्या खात्याचेच काम सोपे होईल.

मद्याचा व्यापार हा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीजच्या प्रकरणात सांगितले आहे आणि ते मला मान्य आहे. मी व्यापाराचा हक्क मागत नाही. राज्याचा महसूल बुडू नये, असेच मलाही वाटते, म्हणून शुल्क भरण्याची खिडकी मागतो. ज्या राज्यात पाच रुपये भरून एका दिवसाचा मद्यसेवनाचा परवाना घेता येतो, त्या राज्याला एका बाटलीच्या शुल्काची पावती फाडणे अवघड नसावे. शिवाय त्या गृहस्थांची फेणी स्वस्त म्हणून घेतलेली नव्हती. काजूच्या फेणीला 2009 पासून भौगोलिक मानांकन आहे, ती गोव्याची ओळख आहे आणि पुण्याच्या दुकानांत सहजासहजी मिळत नाही.

ताई, तुमचे म्हणणे मनाला लागले. तंबाखूच्या बाबतीत मी कसलीही सवलत मागत नाही. सिगारेटवरचा कर देशभर सारखाच असल्याने गोव्याच्या सीमेवर तो प्रश्न उद्भवतही नाही. विमानतळावरची 100 ची मर्यादा शून्यावर आणा, असे तुम्ही केंद्राला लिहिलेत तर त्यावर सही करणाऱ्यांत मी असेन.

जुना खाकीवाला

ट्रकांबद्दल तुमचे म्हणणे बरोबर आहे. प्लायवूडच्या खोट्या भिंतीमागे खोकी रचलेली गाडी मी स्वतः उघडली आहे. भिंतीवर बोटाने टकटक केल्यावर आवाज बदलला, तेव्हा कुठे ती सापडली. तशा गाड्यांसाठी वेळ आणि माणसे दोन्ही लागतात.

माझी अडचण वेगळी आहे. विमानतळावर पासपोर्ट असतो, त्यामुळे कोण महिन्यातून चार वेळा ये-जा करतो ते अधिकाऱ्याला दिसते. महामार्गावर अशी कोणतीही नोंद नसते. तुमची मर्यादा ‘प्रत्येक फेरीला’ असेल तर भाडोत्री माणसे रोज फेऱ्या मारतील आणि नाक्यावरचा शिपाई त्यांना अडवू शकणार नाही. सवलत द्यायचीच असेल तर ती आधार क्रमांकाशी जोडलेल्या ऑनलाइन परवान्यावर, वर्षातून दोनदाच आणि शुल्क आगाऊ भरून मिळावी. विदेशी मद्यासाठी 25 वर्षांची वयोमर्यादाही त्यातच तपासता येईल. एवढे होईपर्यंत मी बंदीच्या बाजूने आहे.

कर्वेनगरवासी

वर्षातून दोनदा, आगाऊ शुल्क, आधारशी जोडणी: तिन्ही अटी मी माझ्या निवेदनात घालतो. उत्पादन शुल्क आयुक्तांकडे ते या आठवड्यात टपालाने पाठवणार आहे. त्यात दोन मागण्या तातडीच्या म्हणून वेगळ्या ठेवल्या आहेत. काढून घेतलेल्या प्रत्येक बाटलीचा पंचनामा होऊन त्याची प्रत प्रवाशाला मिळावी आणि नाक्यावर नियमांचा मराठी फलक दिव्याखाली लावलेला असावा. खाकीवाले साहेब, मसुदा आपल्या नजरेखालून गेला तर बरे होईल.

जुना खाकीवाला

पाठवा. पंचनाम्याच्या मागणीत ‘दोन पंचांच्या सह्यांसह’ हे शब्द घाला, नाहीतर चिठोऱ्यावर लिहून देतील. आणि गाडीवाल्यांचा मुद्दा सोडू नका: प्रवाशाच्या खासगी सामानात माल सापडल्यास, चालकाचा सहभाग दिसत नसेल तर वाहन त्याच रात्री सोडावे, असे स्वतंत्र कलम करा. सवलतीच्या कलमाखाली मात्र माझे नाव घालू नका, त्यावर माझा विरोध कायम आहे.