स्मिथचं नाव घेऊन विषय संपवणाऱ्यांसाठी

कोकणकडा: परवा इथे एकाने लिहिलं, "सरकारने बाजारात नाक खुपसू नये, ॲडम स्मिथ सांगून गेलाय. विषय संपला." नाही संपला! स्मिथ म्हणजे अठराव्या शतकातला स्कॉटिश अर्थतज्ज्ञ. त्याच्या 'वेल्थ ऑफ नेशन्स' या ग्रंथातला (१७७६) टाचण्यांचा कारखाना सगळ्यांना पाठ: काम वाटून घेतलं की दहा माणसं, दिवसाला ४८,००० टाचण्या. पण पाचव्या भागात तोच लिहितो की जन्मभर त्याच दोन-चार क्रिया करून मजुराची बुद्धी पार गंजते, आणि सरकारने लक्ष घातलं नाही तर हे होणारच. म्हणून त्याला गावोगाव सरकारी मदतीच्या शाळा हव्या होत्या. ॲडम फर्ग्युसन या स्कॉटिश विचारवंताने तर १७६७ मध्येच कारखान्याला माणसांच्या सुट्या भागांचं यंत्र म्हटलं होतं.

पेठकरी: शाळांचं मान्य. पण आमचं धान्याचं दुकान होतं. भाव चढले की सरकारची पहिली धाड आमच्यावर. स्मिथने आमच्यासारख्यांची बाजू घेतलीय: टंचाईत व्यापारी भाव वाढवतो म्हणून लोक आधीच हात आखडतात आणि धान्य पुढच्या सुगीपर्यंत पुरतं.

माणदेशी: हाच युक्तिवाद १८७६-७८च्या दुष्काळात व्हाइसरॉय लिटनच्या सरकारने केला. दख्खनमध्ये माणसं मरत होती आणि बंदरांतून धान्य परदेशी चाललं होतं. लिटनचा अधिकारी रिचर्ड टेंपल याने दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे ठरवले. अर्धा किलोसुद्धा नाही! लोकांनी कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभा या संस्थेने त्यांची बाजू लावून धरली. माझी आजी १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. हाताला फोड, पदरात सुकडी. रोजगार हमीने घर जगवलं, पेठेने नाही.

पेठकरी: स्मिथ १७९० मध्ये वारला. लिटनचं पाप त्याच्या माथी का मारता? बंगालच्या १७७०च्या दुष्काळाबद्दल त्याने काय लिहिलंय ते वाचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांनी तांदळाच्या व्यापारावर बंधनं घातली, त्यामुळे टंचाईचा दुष्काळ झाला असावा, असं तो म्हणतो.

माणदेशी: पुरतं सांगा ना! व्यापार मोकळा असेल तर भाताच्या मुलखात अवर्षणानेही सहसा दुष्काळ पडायचा नाही, हेही तिथेच आहे. ज्याची मजुरीच बुडाली त्याने मोकळ्या व्यापारात काय विकत घ्यायचं? तुम्ही गल्ल्यामागून बोलताय.

पेठकरी: गल्ल्यावर येऊ नका. वडिलांनी उधारीवर अर्धं गाव पोसलंय.

कोकणकडा: अहो, मूळ प्रश्न मजुराच्या बुद्धीचा होता.

शिफ्टवाला: त्यावर मी बोलतो. एका कारखान्यात वर्षानुवर्षं एकच नट आवळतोय. घरी मुलगी काही विचारते तेव्हा शब्द जुळवायला वेळ लागतो. स्मिथने हे पाहिलं होतं, एवढं मला पुरे.

पेठकरी: ठीक, मजुरी बुडालेल्याला सरकारने काम द्यावं, हे घ्या. धाडींचं मात्र मी सोडणार नाही.