मदत हवी आहे: थंड गाडी किकेला दाद देत नाही

मंडळी, गाडी जुनी, 150 सीसी, कार्ब्युरेटरवाली. रात्रभर उभी राहिली की सकाळी चोक (थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारी कळ) ओढूनही वीस-पंचवीस किका खाते. एकदा तापली की मात्र दिवसभर पहिल्या किकेत चालू, पिकअपही झकास.

प्लग नवा टाकलाय, गॅप 0.7 मिमी. हेडला टेकवून पाहिलं, ठिणगी निळी, टकटक आवाजासकट. एअर फिल्टर धुतला. कार्ब्युरेटर खोलून पायलट जेट (मंद गतीला पेट्रोल देणारं बारीक छिद्र) फुंकलं, एअर स्क्रू दीड आटा बाहेर ठेवलाय.

गोम इथेच आहे: काल वीस किका मारून प्लग काढला तर कोरडा ठणठणीत, पेट्रोलचा वाससुद्धा नाही. कॉक चालू असताना फ्लोट बाउलचा (कार्ब्युरेटरखालची पेट्रोलची वाटी) ड्रेन स्क्रू सैल केला तर पेट्रोल बऱ्यापैकी येतं. म्हणजे बाउलपर्यंत येतंय, पुढे सिलिंडरात जात नाहीये. मला चोकच्या वाटेचा संशय आहे. खोलला तेव्हा ती वाट साफ करायची राहिलीच (आळस, दुसरं काय).

आता चोकचा प्लंजर काढून बघू, की आधी फ्लोटची पातळी मोजू? कार्ब्युरेटर आणि इंजिनामधल्या इनटेकच्या रबरातून हवा ओढत असेल तर गरम झाल्यावर आयडलिंग इतकं स्थिर राहील का? टॅपेट (व्हॉल्वची फट) बरेच दिवस तपासलेले नाहीत, त्याचाही हात असू शकतो का? किका मारून पोटरी भरून आलीय हो!