स्पूल टेपरेकॉर्डर : हेडचा स्क्रू हलवलाय, आजीच्या ओव्या दबक्या येतात

चारमाग_सोलापूर

नमस्कार मंडळी. वडिलांचा ग्रुंडिगचा स्पूल टेपरेकॉर्डर माळ्यावरून काढलाय. व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा), आवाजाची पातळी दाखवणारा हिरवा डोळा असलेला. वेग एकच, सेकंदाला ९.५ सेंटीमीटर. अशोक चौकाच्या मागं आमचे चार माग होते, त्या शेडला लागूनच्या खोलीत तो असायचा.

सोबत १३ सेंटीमीटरची तीन रिळं आहेत. एकाच्या डबीवर वडिलांच्या अक्षरात लिहिलंय, "धाकटीचं लग्न, हळदीचं दळण, १९७१". आत्याच्या लग्नाची हळद जात्यावर दळताना आजीनं म्हटलेल्या ओव्या. आजी १९७४ ला गेली. मी तेव्हा झालोही नव्हतो. तिचा आवाज म्हणून घरात एवढंच आहे.

मशीन एका कारागिराकडं दिलं होतं. त्यानं पट्टा आणि कंडेन्सर बदलले, ते काम चांगलं झालं, मशीन चालू आहे. पण त्यानं हेडच्या, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाच्या, बाजूचा स्क्रूही फिरवला. "जुनं आहे, सेटिंग केलं" म्हणाला. आता आजीचा आवाज गोधडीच्या आतून आल्यासारखा येतो. जात्याची घरघर कळते, शब्द कळत नाहीत. शिवाय मधेच आवाज हेलकावतो. आजीचं रीळ दोनदा लावलं, मग भीती वाटली म्हणून थांबलो.

स्क्रू परत कसा बसवायचा? आणि मागाचं स्पिंडल ऑइल घरात आहे, ते चालेल का? सांगा की कुणीतरी.

साउंडवाला_जुळे_सोलापूर

दादा, हेडवर आणि रोलरवर गंज काढायचा स्प्रे मारा, सगळं मोकळं होईल. आमच्या मिक्सरचे नॉब मी असेच साफ करतो.

जुना_व्हॉल्व्ह

स्प्रे मारू नका. त्यात तेल असतं. ते पिंच रोलरच्या, म्हणजे फीत दाबून पुढं ओढणाऱ्या चाकाच्या, रबराला लागलं की फीत घसरते, आणि फितीला लागलं तर निघत नाही. मिक्सरचा नॉब वेगळा, हे वेगळं.

भाऊ, तुम्ही थांबलात हे फार बरं केलंत. आजीचं रीळ आता डबीत ठेवा, सगळं जमेपर्यंत काढू नका. आणि रेकॉर्डच्या बटणावर जाड कागद चिकटवा. कॅसेटला मोडून टाकायची पट्टी असायची, रिळाला तसलं काही नसतं. बटण चुकून दाबलं गेलं तर पुसलं गेलेलं परत आणता येत नाही. माझ्या दुकानात एका बाईंच्या नवऱ्याचा आवाज असा गेलेला आहे, मी बाजूलाच उभा होतो. म्हणून हे आधी सांगतोय.

आता स्क्रूला हात लावण्याआधी प्रेशर पॅड बघा. हेडच्या समोर नमद्याची लहानशी गादी असते, ती फितीला हेडवर दाबून धरते. पन्नास वर्षांत ती दगड होते. दगड झाली की फीत हेडला नीट टेकत नाही आणि आवाज नेमका तुम्ही म्हणता तसाच दबतो. सुईच्या टोकानं हलक्या हातानं नमदा मोकळा करा. मग हेड, कॅपस्टन (फीत ठरल्या वेगानं ओढणारा फिरता दांडा) आणि फितीच्या वाटेतलं सगळं लोखंड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, कानाच्या कापसानं पुसा. हाताला लावायचं सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं. रबराचा रोलर मात्र साबणाच्या पाण्यात ओल्या केलेल्या फडक्यानं. हे सगळं मशीनची पिन काढून. आणि तळाचं झाकण उघडू नका, आतल्या कंडेन्सरमध्ये पिन काढल्यावरही झटका शिल्लक राहतो.

तुमच्या घरात मागाच्या सुताची भुकणी असणारच. ती कॅपस्टनवर बसते आणि हेलकाव्याचं निम्मं कारण तिथंच सापडतं.

आता स्क्रू. हेडमध्ये एक उभी फट असते, केसापेक्षा कितीतरी बारीक. ती फितीच्या धावेला बरोब्बर काटकोनात हवी. तुमच्या वेगाला ५ किलोहर्ट्झचा सूर फितीवर जेमतेम ०.०१९ मिलिमीटर जागा घेतो आणि आवाजाची पट्टी दोनेक मिलिमीटर रुंद असते. म्हणजे फट अर्धा अंश कलली तरी तो सूर जवळजवळ नाहीसा होतो. जात्याची घरघर खालच्या सुराची, तिला काही होत नाही. शब्दातले स, श, च, झ आधी जातात. तुमचं तसंच झालंय.

लोक सांगतील की प्रमाणित टेस्ट टेप आणा आणि त्यावर जुळवा. तुमच्यासाठी ते चूक आहे. तुमच्या मशीनला रेकॉर्डला आणि ऐकायला एकच हेड आहे. १९७१ ला ते ज्या कलानं उभं होतं, तोच कल फितीवर उतरलेला आहे. आपल्याला पुस्तकातला काटकोन नको, वडिलांच्या हाताखालचा तो कल परत हवाय, आणि तो रिळातच आहे.

सध्याच्या जागी स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारी नेलपॉलिशची एक रेघ ओढा. मग वडिलांनी याच मशीनवर भरलेलं दुसरं रीळ लावा, कल तोच असणार. टोनचा नॉब पूर्ण तीक्ष्ण बाजूला. स्क्रू एकेक अष्टमांश फेरा फिरवत जा आणि फक्त वरचे आवाज ऐका : घुंगरू, टाळ, भांडं, जे असेल ते. एका जागी ते झळकन उघडतात, पुढं गेलं की परत मिटतात. त्या जागेच्या अलीकडं-पलीकडं करून मधोमध थांबा. शेवटचा बारीक फेरा तेवढा आजीच्या रिळावर करा. जात्यावर बसलेल्या बाईच्या हातात बांगड्या असतातच. बांगड्या ऐका.

स्पिंडल ऑइल पातळ असेल तर कॅपस्टनच्या बेअरिंगला चालेल. सुईच्या टोकावर मावेल तेवढा एक थेंब, वर आलेलं पुसून घ्या. वेग बघायचा तर कोऱ्या फितीवर २८६ सेंटीमीटर अंतरानं दोन खुणा करा. पहिली हेडवरून गेली की ३० सेकंदांनी दुसरी यायला हवी.

चारमाग_सोलापूर

आठ दिवसांनी लिहितोय. गादी खरंच दगड झाली होती. कॅपस्टनवर पांढऱ्या सुताचं कडं निघालं. आता खुणा ३० सेकंदांना जुळतात आणि हेलकावा गेला.

दुसऱ्या रिळावर गड्ड्याची, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराची, यात्रा निघाली. बाळीवेशीत मामांची माडी होती, तिथून वडिलांनी नंदीध्वजांची मिरवणूक भरली असणार. हलगी आहे, "हर्र बोला हर्र" आहे. स्क्रू रेघेपासून पाऊण फेरा मागं आला आणि एकदम हलगीची काडी ऐकू यायला लागली, नुसता धबधब होता तिथं. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

मग आजीचं रीळ लावलं. तुम्ही म्हणालात तशा बांगड्या आहेत. जात्याच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा वाजतात. जात्याचा खुंटा दुसऱ्या हातात जातो तिथं एक क्षण थांबतात. शब्द नव्वद टक्के लागले. मधे आजी कुणाला तरी "दिवा पुढं घे" म्हणते.

पहिल्याच फेरीला लॅपटॉपवर उतरवून घेतलं, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. एक विचारायचंय : आता रिळं कुठं ठेवू? माळ्यावर पत्रा आहे.

जुना_व्हॉल्व्ह

पत्र्याखाली अजिबात नको, आपल्याकडचा मे महिना माहीत आहे. तळमजल्यावर आतल्या खोलीच्या लाकडी कपाटात, डबीत उभी ठेवा. आडवी रचू नका. स्पीकर आणि मोटरपासून लांब. फीत भरभर मागं गुंडाळून ठेवू नका, पूर्ण वाजवून शेवट बाहेर असलेली तशीच राहू द्या, वेटोळी सारखी बसतात. आणि रीळ उजेडासमोर धरून कडेनं बघा. आरपार उजेड दिसला तर फीत अ‍ॅसिटेटची आहे, ती जपा, कडक होऊन तुटते. डबी उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर ते रीळ इतरांपासून वेगळं करा.

दिवा पुढं घ्यायला कुणाला सांगितलं, कळलं का?

चारमाग_सोलापूर

नाही. मागं एक लहान आवाज "हं" म्हणतो तेवढंच. आत्या मोहोळला असते, तिला माहीत असेल. रविवारी लॅपटॉप घेऊन जातोय.