जुन्या गाडीचा एसी: पळताना गार, सिग्नलला कोमट

प्रश्न
1976 ची गाडी, एसी कंपनीतूनच आलेला. मुळात आर-12 या जुन्या गॅसवर होता, आता आर-134ए या नंतरच्या गॅसवर. बाहेर 35 अंश असताना जाळीतली हवा पळत्या गाडीत 11, उभ्या गाडीत 18 अंश. उभी असताना गेजवर दाब: गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या आधीचा (लो) 52, नंतरचा (हाय) 310 पीएसआय. साइट ग्लासमध्ये (आतला गॅस बघायची काच) बुडबुडे होते, ते जाईपर्यंत गॅस भरला. स्टिकरवर 1100 ग्रॅम आर-12 लिहिलंय. कॉम्प्रेसर गेला का?

उत्तर 1
कॉम्प्रेसरला हात लावू नका. तो थकला की लो चढतो आणि हाय पडतो. तुमचे दोन्ही वर आहेत. गॅस जास्त झालाय. 134ए मध्ये काच थोडी दुधाळ दिसतेच, ती स्वच्छ होईपर्यंत भरायचं नसतं. वजनावर भरा: आर-12 च्या 80 ते 85 टक्के, म्हणजे 880 ते 935 ग्रॅम. आधीचा गॅस मशीनने काढून घ्या, हवेत सोडू नका. 45 मिनिटं व्हॅक्यूम, पंप बंद करून अर्धा तास काटा बघा. हलला नाही, म्हणजे गळती नाही, तर 880 भरा, मग 20-20 ग्रॅमने वाढवा. सिस्टीम उघडणारच असाल तर ड्रायर (ओलावा शोषणारा डबा) 134ए ला चालणारा नवा घाला. आणि तेल कुठलं आहे ते विचारा. जुनं मिनरल ऑइल 134ए मध्ये मिसळत नाही, कूलिंग कॉइलमध्ये साचून बसतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो.

उत्तर 2
आधी फुकटची तपासणी करा. गाडी उभी, एसी चालू, कंडेन्सरवर (रेडिएटरपुढची कॉइल, जिथे गॅस उष्णता बाहेर टाकतो) पाण्याची बारीक फवारणी. हाय झपाट्याने उतरून आतली हवा गार झाली तर पंख्याची हवा कमी पडतेय.

उत्तर 1
गॅस जास्त असला तरी पाण्याने हाय उतरतोच. त्यामुळे वजन आधी, पाणी नंतर.

प्रश्नकर्ता
मशीनने 1130 ग्रॅम काढला! आता 900 भरलाय. उभ्या गाडीत हाय 265, हवा 14.5. पाणी मारलं की हाय 215, हवा 11.

उत्तर 2
मग उरलेला दोष हवेचाच. पंख्याभोवतीचं आवरण (श्राउड) जागेवर आहे का? पाती साधारण अर्धी आत हवीत. कंडेन्सर आणि रेडिएटरमधल्या फटी फोमच्या पट्टीने बुजवा, नाहीतर उभ्या गाडीत इंजिनची गरम हवा फिरून पुढे येते आणि तीच परत कंडेन्सरमधून ओढली जाते. पंख्याला व्हिस्कस क्लच (इंजिन तापलं की पंखा घट्ट पकडणारा) असेल तर गरम इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवा. सैल गरगरला तर क्लच संपला. एवढं करूनही हाय 250 च्या वर राहिला तर जुना नळीचा कंडेन्सर काढून पॅरलल फ्लो (बारीक समांतर नळ्यांचा) बसवावा लागेल. 134ए ला तो जुना बहुतेक वेळा पुरत नाही.

एक राहिलं: हीटरच्या गरम पाण्याचा कॉक बंद ठेवून त्याच्या पुढचा पाइप चाचपा. चटका बसला तर कॉक गळतोय, आणि गार झालेली हवा आत येताना पुन्हा तापतेय.