मदत हवी आहे: धडक टाळणाऱ्या यंत्रणेचे तीन इशारे एकदम वाजतात, प्राधान्य कशाला द्यावे?

काटकोन_पुणे
नमस्कार. आम्ही एका प्रवासी वाहनासाठी धडक टाळण्याची एकत्रित यंत्रणा विकसित करत आहोत. समोर आदळण्याचा धोका, मार्गिका सोडणे आणि शेजारच्या मार्गिकेतील वाहन या तिन्हींचे इशारे वेगवेगळे तपासले तेव्हा समाधानकारक होते. मात्र ते एका प्रणालीत आणल्यापासून बझर इतका वाजतो की चाचणीच्या चालकाने काल त्यावर चक्क चिकटपट्टी लावली. कोणत्या इशाऱ्याला किती प्राधान्य द्यावे याचे प्रमाणित कोष्टक कोणाकडे असल्यास कृपया द्यावे. बुधवारी आढावा बैठक असल्याने सैद्धांतिक चर्चा टाळावी ही विनंती.

जुना_वर्कशॉपवाला
कोष्टकाचे नंतर पाहू. वाहनाचा वेग किती, रडार कुठे बसवले आहे, कॅमेरा एक की दोन, आणि तिन्हींपैकी सर्वाधिक कोणता इशारा वाजतो, यातले काहीच आपण लिहिलेले नाही.

किरणशलाका
रडारचा हट्ट सोडा आणि लायडार, म्हणजे लेझर किरणांनी अंतर मोजणारा संवेदक, बसवा. सर्वसाधारण रडारला उंचीचा अंदाज नीट येत नाही, त्यामुळे रस्त्यावरची कमान आणि रस्त्यात उभा असलेला ट्रक त्याला सारखेच दिसतात. मी हे अनेक प्रकल्पांत पाहिले आहे.

जुना_वर्कशॉपवाला
उंचीबद्दलचे आपले म्हणणे मान्य आहे, परंतु धागाकर्त्यांनी कमानीची तक्रार केलेलीच नाही. शिवाय दाट धुक्यात आणि मुसळधार पावसात लायडारही चाचपडतो, तर 77 गिगाहर्ट्झचे रडार त्यामानाने बरेच टिकते.

सहकुटुंब
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो: आमच्या गाडीत ताशी 80 किलोमीटरला टिकटिक होते आणि 120 च्या पुढे ती थांबतच नाही. हीच ती यंत्रणा का? सौभाग्यवतींना त्याचा फार त्रास होतो.

जुना_वर्कशॉपवाला
नाही. ती केवळ वेगमर्यादेची सूचना आहे. भारतात जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना ती सक्तीची आहे आणि तिला समोरचे काहीही दिसत नाही.

मिशिगनकर
धागाकर्त्यांचा इशाऱ्यांच्या प्राधान्याचा प्रश्न अमेरिकेच्या परिवहन खात्याने नोव्हेंबर 2005 मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात हाताळला गेला होता. मिशिगन विद्यापीठाच्या वाहतूक संशोधन संस्थेने त्यासाठी 16 होंडा अकॉर्ड गाड्या सज्ज केल्या आणि त्या 108 सामान्य चालकांना वापरायला दिल्या. प्रत्येकाला पहिले 12 दिवस इशारे बंद ठेवून आणि पुढचे 28 दिवस चालू ठेवून. समोरची धडक, मार्गिकेतून घसरणे, मार्गिका बदलणे आणि वळणावरचा अतिवेग हे चारही धोके त्यांनी एकत्र हाताळले. आपल्या उपयोगाची गोष्ट अशी की त्यांनी सगळ्यांना एकच बझर दिला नव्हता: गाडी मार्गिकेतून सरकू लागली की त्या बाजूने आसन थरथरत असे आणि समोरच्या धोक्याला आवाजाबरोबर ब्रेकचा हलका झटका मिळत असे, त्यामुळे चालकाला काय करायचे ते विचार न करता कळत असे. इशारे चालू असताना मार्गिका सोडण्याचे प्रमाण घटले. खरोखरच दोन धोके एकदम उद्भवल्याचे प्रसंग तिथे थोडेच होते, म्हणून आपल्याकडे ते सतत उद्भवतात हे मला संशयास्पद वाटते.

काटकोन_पुणे
वेग ताशी 45 ते 55 किलोमीटर, रडार पुढच्या बंपरमध्ये, कॅमेरा काचेमागे एकच. सर्वाधिक वाजतो तो समोरच्या धडकेचा इशारा. चाचणी ताम्हिणी घाटात चालू आहे. सपाट रस्त्यावर ही तक्रार नाही, पण प्रश्न प्राधान्याचा असल्याने त्याने काय फरक पडतो ते समजले नाही.

जुना_वर्कशॉपवाला
सगळा फरक त्यानेच पडतो. वळणावर गाडीच्या नाकासमोर कठडा किंवा डोंगराची भिंत असते आणि रस्ता बाजूला वळलेला असतो, म्हणून समोरची प्रत्येक वस्तू आपल्या वाटेत आहे की नाही हे गाडी किती वळते आहे त्यावरून ठरवावे लागते. आता रडारची माहिती 100 मिलिसेकंद शिळी आहे आणि गाडी सेकंदाला 10 अंश वळते आहे असे धरा. तेवढ्या वेळात गाडी 1 अंश फिरते, आणि 60 मीटरवरची वस्तू सुमारे 1 मीटर बाजूला सरकलेली दिसते. साडेतीन मीटरच्या मार्गिकेत एवढी चूक झाली की कठडा थेट वाटेत येऊन बसतो आणि खोटा इशारा वाजतो. रडारच्या नोंदीवर वेळेचा शिक्का कोण मारते, म्हणजे ती कोणत्या क्षणाची हे कोण नोंदवते?

काटकोन_पुणे
माहिती संगणकात पोचली की संगणकच मारतो. कॅमेऱ्याचेही तसेच आहे.

किरणशलाका
म्हणजे माहिती पोचेपर्यंत गेलेला वेळ धरलाच जात नाही आणि दोन शिळ्या माहितींची सांगड घातली जाते आहे. लायडारचा आग्रह मी सोडलेला नाही, परंतु या अवस्थेत तोही चुकेल हे मान्य करावे लागेल.

मिशिगनकर
आणखी एक अडचण लक्षात ठेवा: वळणात शिरण्याआधी गाडी सरळच चाललेली असते, त्यामुळे वळण्याच्या वेगावरून काढलेली वाट त्या क्षणी भिंतीतच जाते. तिथे कॅमेऱ्याने पाहिलेल्या पट्ट्यांची वक्रता किंवा डिजिटल नकाशा लागतो. घाटात पट्टे पुसट असतील तर नकाशावरच भिस्त ठेवावी लागेल.

जुना_वर्कशॉपवाला
प्राधान्याचे गणित करण्याआधी मोकळ्या मैदानात एक चाचणी घ्यावी. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे तीन काटकोनी त्रिकोण एकमेकांना काटकोनात जोडून बनवलेला परावर्तक तिवईवर ठेवा, त्याची जागा मोजून घ्या आणि गाडी त्याच्यासमोर आधी डावीकडे, मग उजवीकडे, सारख्याच वेगाने वळवा. रडारने दाखवलेली जागा दोन्ही वेळा एकाच बाजूला चुकली, तर रडार बसवतानाचा कोन चुकला आहे. डावीकडे वळताना डावीकडे आणि उजवीकडे वळताना उजवीकडे चुकली, तर दोष वेळेचा आहे, आणि जागा जितक्या अंशांनी चुकली त्याला वळण्याच्या वेगाने भागले की माहिती किती मिलिसेकंद शिळी आहे तेही हातात पडेल. पत्र्याच्या कडा नीट काटकोनात बसवून घ्या, नाहीतर परावर्तन क्षीण होते.

काटकोन_पुणे
पत्रा उद्याच आणतो. त्रिकोणाची बाजू किती ठेवावी?

जुना_वर्कशॉपवाला
77 गिगाहर्ट्झच्या रडारलहरीची लांबी जेमतेम 4 मिलिमीटर असल्याने वीतभर बाजूही पुरेशी आहे.