मदत हवी आहे: न्यू जर्सीत शिक्षिकेपासून सुपरिंटेंडेंटपर्यंत कसं जावं?

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (गावातल्या सरकारी शाळांचा एकत्र कारभार) सातवी-आठवीला गणित शिकवते. हे अकरावं वर्ष. त्याआधी चार वर्षं सांगली जिल्ह्यात शिकवलं. आता आमच्याकडे गणिताच्या सुपरवायझरची, म्हणजे गणित शिकवण्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याची, जागा निघाली आहे आणि मी अर्ज करावा असं प्रिन्सिपलबाईंचं म्हणणं आहे. मला मात्र पुढे सुपरिंटेंडेंट, म्हणजे डिस्ट्रिक्टमधल्या सगळ्या शाळांची प्रमुख, व्हायचं आहे. हे मी घराबाहेर पहिल्यांदाच बोलते आहे.

कारण सांगते. आठवीत अल्जिब्रा कोणाला मिळणार हे आमच्याकडे पाचवी-सहावीतच ठरतं. ज्यांचे आईवडील नुकतेच या देशात आलेत, त्यांना अशी काही निवड होते हेच माहीत नसतं. मुलगा हुशार असतो, पण कागदावर मागे पडलेला असतो. माझ्या वर्गातल्या २४ मुलांसाठी मी धडपडते, पण निर्णय वर होतो. म्हणून वर जायचं आहे.

कागदपत्रांचं थोडंफार कळलंय. सुपरवायझरसाठी मास्टर्स आणि ३ वर्षं शिकवल्याचा अनुभव. प्रिन्सिपलसाठी ५ वर्षं, ३०० तासांची इंटर्नशिप आणि परीक्षा. सुपरिंटेंडेंटसाठी स्कूल ॲडमिनिस्ट्रेटरचं वेगळं सर्टिफिकेट लागतं, त्याला १५० तासांची इंटर्नशिप आणि वेगळी परीक्षा.

अडलंय ते नोकरीच्या भरवशापाशी. माझे बाबा केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या डोळ्यांसमोर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी आहेत: राज्य सरकारचा माणूस, फार तर बदली होते. इथे सुपरिंटेंडेंटला गावाचं स्कूल बोर्ड नेमतं, बहुतेक ठिकाणी ९ निवडून आलेले सभासद, आणि करार ३ ते ५ वर्षांचा. सुपरिंटेंडेंटचं टेन्युअर, म्हणजे सहजी काढता न येणारी कायम नोकरी, १९९१ सालीच कायद्यानं बंद झालं. बोर्डाला करार पुढे न्यायचा नसेल तर त्यांनी कराराच्या प्रत्येक वर्षामागे ३० दिवस आधी कळवायचं, म्हणजे ३ वर्षांच्या कराराला ९० दिवस. बाबा फोनवर एवढंच म्हणाले, "आणि त्यानंतर गं?" मला उत्तर देता आलं नाही. घराचं कर्ज आहे, लेक नववीत आहे.

तर विचारायचं हे: सुपरवायझर झाले तर आत्ताचं टेन्युअर जातं का? थेट व्हाइस प्रिन्सिपलकडे वळणं बरं का? आणि डॉक्टरेट करावीच लागते का?

उत्तर १

ताई, मी जर्सीतच बारा वर्षं ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये आहे. आधी टेन्युअरचं सांगतो. तुमच्याच डिस्ट्रिक्टमध्ये बढती घेतलीत तर शिक्षिकेचं टेन्युअर जात नाही. नव्या जागेवर टेन्युअर मिळायच्या आत ती नोकरी संपली, तर कायद्यानं तुम्हाला जुन्या जागेवर परत घ्यावं लागतं आणि मधली वर्षंही मोजली जातात. दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये गेलात की मात्र पहिल्यापासून सुरुवात. त्यामुळे पहिली पायरी घरातच चढा.

पण सुपरवायझरच्या खुर्चीत रमू नका. मुलाखतीत बोर्ड विचारतं, शाळा चालवली आहे का? बस चुकलेलं पोर, मारामारी, दर महिन्याला एक फायर ड्रिल आणि एक सुरक्षेची ड्रिल, रडणारी आई आणि चिडलेला बाप, हे सगळं एकाच दिवसात सांभाळलेलं माणूस त्यांना हवं असतं. ते प्रिन्सिपलच्या खोलीतच शिकायला मिळतं. सुपरवायझर, मग व्हाइस प्रिन्सिपल किंवा प्रिन्सिपल, मग असिस्टंट सुपरिंटेंडेंट, असा रस्ता धरा. सर्टिफिकेटला डॉक्टरेट लागत नाही. काही बोर्डांना आवडते, पण ती नंतर करता येते.

आणि बजेट शिका. पैशांचा कारभार बघणारा बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटर वेगळा असला तरी बोर्डासमोर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. शाळेसाठीचा प्रॉपर्टी टॅक्स साधारणपणे वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. अल्जिब्राचे दोन वर्ग वाढवायचे तर तो शिक्षक कुठल्या पैशातून आणणार, हे सांगता आलं पाहिजे. सुपरिंटेंडेंटला बोर्डाच्या बैठकीत बोलता येतं, मत देता येत नाही. म्हणजे त्यांना पटवावंच लागतं. आजपासून बैठकांना जाऊन मागे बसा, त्या सगळ्यांना खुल्या असतात.

उत्तर २

माझी बहीण बोर्डावर निवडून आली होती. ती म्हणायची, निवडणुकीनंतर दोन-तीन चेहरे बदलले तरी वारं फिरतं. म्हणून पहिल्या कराराची भाषा वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. बाबांच्या प्रश्नालाही त्यातूनच थोडं उत्तर मिळेल.

मूळ प्रश्नकर्ती

दादा, खूप आभार. टेन्युअर राहतं हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. बाबांना आत्ताच फोन केला. सुपरवायझरचा अर्ज शुक्रवारी देते आहे. एकच राहिलं: प्रिन्सिपलची ३०० तासांची इंटर्नशिप स्वतःच्याच शाळेत, शिकवता शिकवता कोणी पुरी केली आहे का? सकाळी सातच्या आत जाऊन तास भरले, की उन्हाळी शाळेत?