मदत हवी आहे: कायनेटिनने क्लोरेला गडद झालं, पण वाढलं का?

नमस्कार मंडळी,

फोंड्याला एम.एस्सी. करतेय, वनस्पतिशास्त्र. प्रकल्प असा: वनस्पतींची संप्रेरकं दिली तर सूक्ष्म शैवालाची वाढ आणि प्रकाशसंश्लेषण वाढतं का. क्लोरेला व्हल्गॅरिस (एकपेशी हिरवं शैवाल), बीजी-११ माध्यम (ते वाढवायचं पोषक द्रावण), संप्रेरकं एनएए (ऑक्सिन गटातलं) आणि कायनेटिन (सायटोकायनिन गटातलं), दोन्ही १ आणि १० मायक्रोमोलर.

अडलंय इथे. कायनेटिनचे फ्लास्क लांबूनही गडद दिसतात, ६८० नॅनोमीटरला ओडी (द्रावण किती प्रकाश अडवतं त्याचं माप) भरपूर येते. पण न्यूबावर चेंबरखाली पेशी मोजल्या की कंट्रोलच्या (संप्रेरक न दिलेल्या फ्लास्कच्या) जवळपास तेवढ्याच! मग 'वाढ झाली' असं लिहू कशाच्या जोरावर? आणि प्रकाशसंश्लेषणाचं काय? ते थेट मोजायला लागणारा फ्लोरोमीटर आमच्याकडे नाही. स्पेक्ट्रोफोटोमीटर, सेंट्रिफ्यूज आणि विंकलरची (पाण्यातला ऑक्सिजन मोजायची) रसायनं आहेत.

फ्लास्क खिडकीशी ओळीने ठेवलेत. पावसाळ्यातलं गोव्याचं आभाळ तुम्हाला ठाऊक आहेच, घटकाभर ऊन की परत काळोख.

जाता जाता: बाबा म्हणतात, आंब्याची फळगळ थांबवायला आणलेली एनएएची बाटली घरात आहे, वेगळी पावडर कशाला हवी? चालेल का ती?

मिठागर:
६८० ला हरितद्रव्यच प्रकाश शोषतं. पेशी तेवढ्याच राहून आतलं हरितद्रव्य वाढलं तरी तिथली ओडी चढणार. वाढीसाठी ७५० ला मोजा, जोडीला कोरडं वजन घ्या. सायटोकायनिन पानातलंही हरितद्रव्य टिकवून धरतं, तेव्हा तुमचा निकाल अगदीच अनपेक्षित नाही. हरितद्रव्य काढायला गरम मिथेनॉल वापरा. क्लोरेलाची भिंत चिवट, नुसत्या अ‍ॅसिटोनला दाद देत नाही.

पण माझा खरा संशय खिडकीवर आहे. कमी उजेडात शैवाल आपणहून जास्त हरितद्रव्य बनवतं. कायनेटिनचे फ्लास्क ओळीच्या सावलीकडच्या टोकाला आहेत का?

प्रश्नकर्ती:
हो, भिंतीकडे! नावं वाचायला सोपं म्हणून संप्रेरकानुसार लावले होते. आता ट्यूबलाइटच्या रॅकवर हलवते आणि जागा रोज बदलते.

साळगांवकार:
बाबांची बाटली आंब्यालाच राहू दे. त्यात एनएए थोडं, बाकी द्रावक आणि पानाला चिकटावं म्हणून घातलेली रसायनं. शैवालावर परिणाम कशाचा झाला हे कळणार नाही. तसं १ मायक्रोमोलर एनएए म्हणजे लिटरला जेमतेम ०.१९ मिलिग्रॅम, चिमूटभर पावडर वर्षभर पुरेल. आणि जास्त टाकलं की जास्त वाढ असंही नसतं, ऑक्सिन मात्रा चढली की उलट वाढ रोखतं.

कायनेटिन विरघळवलंस कशात? अल्कोहोल असेल तर तेवढंच अल्कोहोल घातलेला कंट्रोल हवाच. काही शैवालं तेही खातात.

प्रश्नकर्ती:
एक नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब, मग पाणी. तसा कंट्रोल नाही ठेवलेला, या फेरीत ठेवते. पीएचही बघते.

मिठागर:
प्रकाशसंश्लेषणासाठी उजेड-अंधाराच्या बाटल्या पुरेत. एकच संवर्धन दोन्हींत भरा, एक बाटली फॉइलमध्ये गुंडाळा, काठोकाठ भरून बुच लावा. उजेडातली ऑक्सिजनची वाढ अधिक अंधारातली घट म्हणजे एकूण प्रकाशसंश्लेषण. दाट संवर्धन ताज्या माध्यमाने पातळ करा, नाहीतर ऑक्सिजन बुडबुड्यांत सुटतो आणि आकडा कमी येतो. वेळही थोडाच ठेवा.

मग तो आकडा एकदा पेशींनी भागा, एकदा हरितद्रव्याने. पेशीमागे वाढला आणि हरितद्रव्यामागे तेवढाच राहिला, तर कायनेटिनने प्रकाशसंश्लेषणाची यंत्रं वाढवली, त्यांचा वेग नाही. दोन्हींत वाढला तर सरांना सांगा, आणखी एक फेरी करून बघण्यासारखं आहे.

प्रश्नकर्ती:
पातळ करताना सगळ्या बाटल्यांत पेशी सारख्या ठेवू की हरितद्रव्य?

मिठागर:
हरितद्रव्य. नाहीतर गडद बाटलीत आतल्या पेशींना उजेडच पोचणार नाही. पेशी त्याच बाटलीतून मोजून घ्या.